थोरल्या मुलीचा होकार

मेक्सिकोतल्या पारंपरिक कॅथलिक घरात थोरली मुलगी म्हणजे दुसरी आई. आई पहाटे कामाला गेली की तव्यावर तोर्तिया भाजायच्या, धाकट्यांना आंघोळ घालून शाळेत पोचवायचे, आजीच्या औषधांच्या वेळा सांभाळायच्या, हे सगळे तिच्याकडे. भाऊ मात्र जेवून ताट तिथेच ठेवून उठतो. आईवडील थकले की पहिली हाकही तिलाच. यातले काहीच तिला विचारून सोपवलेले नसते. न विचारता गळ्यात पडलेला त्याग पुण्य ठरतो का, हा धर्माच्या दृष्टीने खरा प्रश्न.

घरचे लोक उत्तरादाखल भिंतीवरच्या ग्वादालुपेच्या मातेकडे, म्हणजे येशूची आई मरियेकडे, बोट दाखवतात. १५३१ साली तेपेयाकच्या टेकडीवर तिने हुआन दिएगो या भाविकाला दर्शन दिले, अशी श्रद्धा आहे. सोसणारी, स्वतःसाठी काही न मागणारी मरिया हा बाईचा आदर्श मानला जातो. एव्हलिन स्टीव्हन्स या अमेरिकी अभ्यासिकेने १९७३ साली त्याची चर्चा 'मारियानिस्मो' या नावाने केली. जोडीला आईबापांचा मान राखण्याची चौथी आज्ञा आहेच.

पण मरियेचा दाखला नीट वाचला तर तो उलटतो. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत येशूच्या जन्माचा निरोप सांगतो, मरिया शंका विचारते आणि मगच होकार देते. मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनस आज्ञापालनाला सद्गुण मानतो. तरी लग्न करावे की कुमारिका राहावे, याबाबत आईबापांचा हुकूम मुलांना बांधत नाही, असे तो स्पष्ट लिहितो. (तो स्वतः घरच्यांना न जुमानता डोमिनिकन संघात गेला होता.) चर्चच्या त्रेंत इथल्या धर्मसभेने १५६३ मध्ये, नापसंती नोंदवूनही, पालकांच्या संमतीवाचून झालेले लग्न केवळ तेवढ्यामुळे रद्द मानायला नकार दिला. तरुणांच्या लग्नाला बापाची परवानगी सक्तीची केली ती स्पेनच्या राजाने, १७७६ च्या फर्मानाने. दोन वर्षांनी ते अमेरिकेतल्या वसाहतींनाही लागू झाले. निदान लग्नापुरता तरी घरातला धाक चर्चपेक्षा दरबाराचा अधिक होता.

पण म्हणून न निवडलेले प्रत्येक कर्तव्य पोकळ ठरत नाही. आईबाप कुणीच निवडत नाही, आणि त्यांचे ऋण खरे असते. मात्र ते सगळ्या भावंडांचे असते. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथानुसार मुले स्वतंत्र झाली की आज्ञापालन संपते, आदर संपत नाही. त्यातल्याच एका कलमानुसार म्हातारपणी आणि आजारपणात आईबापांना शक्य तेवढा आधार देणे मोठ्या झालेल्या मुलांवर बंधनकारक आहे. त्या कलमात मुलगा-मुलगी किंवा थोरले-धाकटे असा भेद केलेला नाही.