सूट कोणाला, ओझे कोणावर?

क्रांती चौकात सकाळी घटकाभर उभे राहावे. बाहेरगावाहून आलेली माणसे रिक्षावाल्याला 'घाटी' एवढाच शब्द सांगतात आणि शासकीय रुग्णालयाची वाट धरतात. ज्यांच्या गाठीला चार पैसे आहेत ती खाजगी रुग्णालयाकडे वळतात. पण बिल किती होईल, ही धास्ती दुखण्याइतकीच त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. अशा माणसाला कायद्याचे संरक्षण किती, हे तो कोणत्या राज्यात आजारी पडला यावर अवलंबून असावे काय?

संसदेने २०१० साली वैद्यकीय आस्थापनांची नोंदणी व नियमन करणारा कायदा केला. आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने तो प्रथम चार राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. इतरांनी ठराव करून तो स्वीकारावा, अशी योजना होती. उत्तर प्रदेश, राजस्थान, बिहार, झारखंड यांनी तो स्वीकारला. ज्या राज्यांचा स्वतःचा कायदा आहे त्यांना मात्र सूट मिळाली. आपल्या १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमामुळे महाराष्ट्र त्या यादीत आहे.

ही सूट मुळातच अन्यायाची आहे, असे आम्ही म्हणणार नाही. जे काम लहान समाजघटक नीट करू शकतो ते मोठ्या सत्तेने त्याच्या हातून काढून घेऊ नये, असे परमगुरू अकरावे पायस यांनी १९३१ सालीच शिकविले. दिल्लीत ठरलेला नियम आडगावच्या एका खोलीच्या दवाखान्याला पेलेलच असे नाही. परंतु परमगुरू तेविसावे जॉन यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेची गणना मानवी हक्कांत केली. हा हक्क माणूसपणातून येतो, राज्याच्या सीमेतून नव्हे. सीमा तर बदलतात. १९४९ साली मुंबई राज्यात तो अधिनियम झाला तेव्हा आपले शहर हैदराबाद राज्यात होते. १९५६ साली सीमारेषा सरकली. रुग्णाची वेदना तीच राहिली.

तेव्हा कसोटी एकच: जिला सूट मिळाली त्या सत्तेने रुग्णाला तितकेच संरक्षण दिले काय? महाराष्ट्राने २०२१ साली आपल्या नियमांत रुग्णहक्कांची सनद, दरफलक व तक्रार निवारण यांची तरतूद केली. तेवढ्यापुरती सूट सार्थ ठरली. परंतु १९४९ चा अधिनियम रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या जागांचा विचार करतो. केंद्रीय कायद्याच्या कक्षेत एकट्या डॉक्टरचा दवाखाना, तपासणीची प्रयोगशाळा आणि शासकीय रुग्णालयही येते. केवळ रक्त तपासून घेण्यास गेलेली मोलकरीण आपल्या अधिनियमाच्या छत्राबाहेरच राहते. येथे सूट शासनाला मिळाली आणि तिचे ओझे त्या मोलकरणीवर पडले. याला आम्ही अन्याय म्हणतो.

बोट दुसऱ्याकडे दाखविणे सोपे असते. नियम कडक झाले तर धर्मभगिनींचे दवाखाने बंद पडतील, असे आपणही म्हणतो. ती भीती खोटी नाही. पण आपण सेवाभावी आहोत म्हणून आपल्याला हिशेब कोणी विचारू नये, असे त्या भीतीआड दडलेले असेल तर ते तपासून पाहावे. इमारत किती मोठी असावी, यात सूट मागता येईल; रुग्णाला खरे सांगण्यात ती मागता येणार नाही.

दयाळू शोमरोनी ज्याला उचलून नेतो तो त्याच्या प्रांताचा नव्हता. उतारशाळेत पोहोचल्यावर त्याने दोन दिनार काढून दिले आणि अधिक खर्च झाल्यास परतताना देईन, असेही सांगितले. ओझे कोणी उचलायचे हे उघडपणे ठरले आणि ते जखमी माणसावर पडले नाही.

कायदा व्हायचा तेव्हा होईल आणि त्यासाठी आपण आपल्या आमदारांना जरूर विचारावे. तोवर आपल्या धर्मग्रामाच्या दवाखान्याच्या दारावर दरफलक लावण्यास कोणत्याही विधानसभेच्या ठरावाची गरज नाही.