परवान्यातले रान

कॅनडाच्या युकॉन प्रदेशात डोंगरी पांढरा मेंढा मारायचा असेल तर गोळी झाडण्याआधी त्याचे वय मोजावे लागते. डॉल मेंढा म्हणतात त्याला. त्याच्या शिंगाने पूर्ण वळसा घेतलेला असावा, नाहीतर शिंगावरची वाढीची वळी आठ वर्षांची साक्ष देणारी असावीत; त्याहून कोवळा नर मारला तर तो गुन्हा. मेंढा समोरच्या कड्यावर असतो आणि एका जागी उभा राहत नाही. मग वाटाड्या खडकावर पालथा पडून दुर्बिणीतून शिंगावरच्या रेघा मोजत राहतो, आणि मोठी रक्कम मोजून आलेला पाहुणा त्याच्या शेजारी निमूट पडून असतो. आठव्या रेघेविषयी शंका उरली तर दोघांनी उठायचे आणि रिकाम्या हाताने तळावर परतायचे.

अशा सहलीची आखणी एखाद-दोन वर्षे आधी सुरू होते. परदेशी माणसाला तिथे मोठ्या जनावराची शिकार एकट्याने करता येत नाही, परवानाधारक आउटफिटरमार्फतच जावे लागते. सारा प्रदेश सुमारे वीस क्षेत्रांत वाटलेला आहे; प्रत्येक क्षेत्रात परक्यांना शिकारीला नेण्याचा हक्क एकाच आउटफिटरचा. शिकारीचा परवाना वेगळा आणि मूस, कॅरिबू, मेंढा अशा प्रत्येक जनावराचा शिक्का वेगळा. बंदूक सीमेवर कागदावर नोंदवायची. मूस पडला की खरे काम सुरू होते, कारण खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हाही गुन्हाच आहे, आणि मोठ्या नराचे वजन सहाशे किलोच्या घरात जाते. ते तुकडे करून पाठीवर, घोड्यावर नाहीतर बोटीने वाहून आणायचे असते.

हे सगळे मी शिक्रापुरात बसून वाचतो, जिथे चाकणच्या फाट्यावर कंटेनरच्या रांगा लागलेल्या असतात आणि रान म्हणजे एनए होण्याची वाट पाहणारा तुकडा. तरीही हे वाचन मला परके वाटत नाही. शिकारीचा आनंद मला कळत नाही, तो कळावा अशी इच्छाही नाही. पण तिच्या आखणीत मात्र मला फार रस आहे. ट्रिगर ओढणे हे क्षणाचे काम. त्याच्या मागे जो कागद असतो, जी वाट पाहणे असते आणि दुसऱ्याच्या ज्ञानावर जे विसंबणे असते, त्यात शिकारी माणसाची जात कळते. निघण्यापूर्वी त्याने कोणती मर्यादा कबूल केली? आणि रानात त्याला नेणारा कोण होता?

वाटाड्यासह शिकार हा धंदा मराठी मुलखालाही नवा नाही. 1950 च्या दशकात नागपुरात अ‍ॅल्विन कूपर नावाची कंपनी होती. परदेशी, विशेषतः अमेरिकन पाहुण्यांना मध्य प्रदेशातल्या जंगलात वाघाच्या शिकारीला नेणे हा तिचा व्यवसाय. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होती. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांचे चिरंजीव विद्याचरण मॉरिस कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडले आणि या धंद्यात उतरले. 1957 साली ते लोकसभेवर गेले. पुढे आणीबाणीत माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री म्हणून देशाने त्यांना ओळखले. वर्तमानपत्रांच्या मानेवर बसलेल्या या मंत्र्याने तरुणपणी परक्यांसाठी मचाणे बांधून घेतली होती, ही गोष्ट आमच्या राजकीय चरित्रांत एखाद्या ओळीत उरकली जाते.

त्या काळची व्यवस्था युकॉनच्या व्यवस्थेशी कागदावर बरीच जुळते. वनखाते जंगलाचे ब्लॉक पाडी, ठरावीक मुदतीसाठी ब्लॉक राखून मिळे, परवान्यात कोणते जनावर किती हे लिहिलेले असे. मग रेडा बांधायचा, वाघाने तो मारला की जवळच्या झाडावर मचाण बांधायचे, किंवा गावातली माणसे जमवून हाका घालायचा. फरक होता तो मोजदादीत. युकॉनचा नियम जनावराच्या शिंगावरची वर्षे विचारतो. आमचा परवाना जनावराच्या वयाची चौकशी करत नसे, आणि जंगलात वाघ किती हेही कोणी नीट विचारले नाही. 1969 साली दिल्लीत जगभरचे निसर्गरक्षक जमले आणि वाघाची अवस्था तिथे उघड्यावर आली. 1970 मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, त्याच्या पहिल्या यादीत आपले मेळघाट होते. 1972 च्या मूळ कायद्यात शिकारीच्या परवान्याची सोय शिल्लक होती, हे आज बहुतेकांच्या ध्यानात नसते. ती 1991 च्या दुरुस्तीने पुसली गेली.

मर्यादेचा विचार आपल्याकडे त्याआधी नव्हताच असे मात्र नाही. मनूने राजाच्या कामज व्यसनांची यादी दिली तीत मृगयेचे नाव पहिले. कौटिल्य अधिक व्यवहारी. जुगार वाईट की मृगया, या वादात तो मृगयेची बाजू घेतो: व्यायाम होतो, मेद झडतो, हलत्या लक्ष्यावर नेम बसतो, जनावराच्या मनाचा अंदाज येतो. पण हाच कौटिल्य राजासाठी मृगवन कसे करावे हे सांगतो तेव्हा त्याचे खरे मन कळते. वनाला एकच दार, भोवती खंदक, आत गोड फळांची झुडपे, आणि हिंस्र पशू नखे-दात मोडून सोडलेले. राजा जिवंत राहिला पाहिजे, मग पशूला संधी मिळो न मिळो. शिवाय राजा रानात जायच्या आधी पारधी आणि कुत्री बाळगणारे लोक पुढे जाऊन चोर आणि सापांचा बंदोबस्त करीत. म्हणजे वाटाड्या आलाच; नाव नाही, पण आला.

कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात मानसोल्लास हा ग्रंथ सिद्ध केला, त्यात मृगया ही राजाच्या विनोदांपैकी एक आहे आणि हरणाने हरीण फसवून आणण्यापासूनचे प्रकार तिथे बारकाईने दिले आहेत. ते वाचताना सतत जाणवते की हे ज्ञान राजाचे नाही. कोणीतरी रानात आयुष्य घालवलेल्या माणसाने सांगितले आहे आणि राजाने ते संस्कृतात बांधून घेतले आहे.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो कालिदासाचा विदूषक. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात तो रडतो: झाडांची पाने पडून तुरट झालेले डोंगरी ओढ्याचे पाणी प्यायचे, अवेळी सळईवर भाजलेले मांस खायचे, आणि पहाटे पक्षी पकडणाऱ्यांच्या कल्लोळाने झोप मोडायची. सहलीला ओढून आणलेल्या सगळ्या पाहुण्यांची तक्रार त्याने एकदाच करून ठेवली आहे. आणि त्याच नाटकाच्या पहिल्या अंकात आश्रमाचे हरीण मारायचे नाही असे तपस्वी म्हणतो, तर दुष्यंत बाण भात्यात परत ठेवतो. परवाना, शिक्का, दंड यांतले काहीच नसताना.

आता आमच्या मुलखाकडे येतो. शिरूर म्हणजे जुने घोडनदी, इंग्रजांची छावणी. पूना हॉर्स या घोडदळाची मुळे 1817 च्या इंग्रज-मराठा युद्धाच्या धामधुमीतली. या छावण्यांतल्या अंमलदारांना दख्खनचे माळ म्हणजे फुकटची शिकारगाह वाटली. कर्नल साइक्स त्यांतला अभ्यासू. त्याने 1831 च्या सुमारास दख्खनच्या पशुपक्ष्यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या, आणि आपल्या माळावरच्या लांडग्याला शास्त्रीय नाव त्याने दिले. ते ज्ञानही अर्थात बंदुकीच्या नळीतून आलेले होते. दुसरा होता मॅन्सफील्ड. शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात त्याने 1809 ते 1829 या वीस वर्षांत 961 माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाने! त्याने ते मोजले, लिहून ठेवले, आणि त्या हिशेबात त्याला काही वावगे दिसले नाही. युकॉनचा वाटाड्याही मोजतोच, पण तो थांबण्यासाठी मोजतो. महाराष्ट्रात 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य काढले, सोलापूर-नगरचा साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या जवळपासचा मुलूख त्यात घेतला, आणि तरी आज नान्नजच्या माळावर तो पक्षी दिसणे ही बातमी होते. त्याचे सगळे खापर मॅन्सफील्डच्या माथी फोडणे खोटे ठरेल. माळ नांगरले गेले, कालवे आले, विजेच्या तारा आल्या. पण सुरुवात कोणी केली हे विसरू नये.

याच माळांवर राहणाऱ्या दुसऱ्या एका शिकाऱ्याची कथा उलट्या दिशेने गेली. फासेपारधी तित्तर-लावे फाशात धरत. गायपारधी शिकवलेल्या गाईच्या आडून हरणांच्या कळपाजवळ जात. चित्तेपारधी चित्ते पकडून संस्थानिकांना शिकवून देत. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळी चित्त्याकरवी काळवीट मारण्याची शिकार प्रसिद्ध होती. तिच्यामागे चित्तेवानांची अख्खी विद्या उभी होती: चित्त्याच्या डोळ्यांवरची टोपी केव्हा काढायची, मारलेल्या काळविटावरून त्याला कसे उठवायचे, एकदा हुकलेला चित्ता लगेच पुन्हा का सोडायचा नाही. राजाच्या पदरी असताना ही विद्या म्हणजे हुनर होता. 1871 च्या कायद्याने गुन्हेगार जमाती ठरवायला सुरुवात केली आणि पुढे पारधीही त्या जाळ्यात आले. त्यांची हजेरी लागू लागली. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला, पण चोरी झाली की पारध्यांच्या पालाकडे आधी वळण्याची सवय गेली नाही. शिरूर, दौंड, श्रीगोंदा, कर्जत या पट्ट्यात ती अजून पाहायला मिळते. त्याच काळात नागपूरच्या कंपनीचा पाहुणा वाघ मारून कातडे विमानाने घरी नेत होता, आणि त्याच्याजवळ परवाना होता.

पारध्याची बाजू मांडताना त्याला मी साधू करणार नाही. 1972 नंतर चोरट्या शिकारीच्या साखळीत काही पारधी सापडले हे खरे आहे. पण त्या साखळीत पैसा कोणी केला आणि तुरुंगात कोण गेले, याचा हिशेब वेगळा आहे. युकॉनमध्ये डोंगराची माहिती हेच वाटाड्याचे भांडवल असते आणि त्याला त्याचा मोबदला मिळतो. आमच्याकडे माहिती असणे हाच संशय ठरला.

आणि मग 2025 चा ऑक्टोबर आला. शिरूर तालुक्याच्या पिंपरखेड भागात बिबट्याने सुमारे तीन आठवड्यांत तीन माणसे मारली: पाच वर्षांची मुलगी, ऐंशी ओलांडलेली आजी, तेरा वर्षांचा मुलगा. लोक रस्त्यावर उतरले. वनखात्याची गाडी जळाली, महामार्ग अडला. त्यांच्या रागाला शहरी माणसाने नावे ठेवू नयेत. ज्याच्या अंगणातून मूल उचलले जाते त्याला साहचर्याचे धडे कोणत्या तोंडाने द्यायचे? नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो बिबट्या गोळी घालून मारण्यात आला.

ही शिकारच होती, आणि तिची आखणी कॅनडातल्या कोणत्याही सहलीपेक्षा कडक होती. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारायचे तर कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी, कारणे देणारा आदेश लागतो. आणि पकडणे, बेशुद्ध करणे, हलवणे यांतले काहीच शक्य नाही अशी खात्री पटल्याशिवाय तो आदेश निघत नाही. पिंजरे लावले, कॅमेरे बांधले, अंगाची ऊब टिपणारे ड्रोन उसावर फिरवले. आधी बेशुद्धीचा डार्ट मारला गेला. तो लागू पडला नाही आणि जनावर अंगावर आले तेव्हा गोळी सुटली. इथे कोणाला भिंतीवर शीर लावायचे नव्हते. मृगयेतला विनोद पार गळून गेला होता आणि उरली होती फक्त जबाबदारी. हाच तो बिबट्या का, ही शंका तेवढी तशीच मागे राहते, आणि नरभक्षकाच्या प्रत्येक शिकारीत ती राहतेच.

उसात माग निघत नाही, ही अडचणीची मुख्य गोष्ट. डिंभे आणि कुकडीच्या पाण्याने घोडनदीचे काठ हिरवे केले; जिथे बाजरी-मटकीच्या ओळींतून ससा पळताना दिसे तिथे आता वर्षभर माणसापेक्षा उंच ऊस उभा असतो. बिबट्याच्या कित्येक पिढ्या त्यातच जन्मल्या. डोंगरातले रान त्यांनी पाहिलेले नाही. जुन्नरकडे दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला धरलेले बिबटे दूर नेऊन सोडले, तेव्हा हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासाने ते दाखवून दिले. धरलेल्यांना ठेवायला माणिकडोहला निवारा केंद्र आहे, तेही कायम भरलेले. आता नसबंदीची चर्चा चालते. काही लोक उघड विचारतात की कॅनडासारखे परवाने का देऊ नयेत. मला हा प्रश्न मूर्खपणाचा वाटत नाही, पण त्याचे उत्तर नकारार्थीच द्यावे लागेल. तिथला परवाना मोजणीवर उभा आहे: किती मेंढे, किती नर, कोणत्या वयाचे. आणि त्या मोजणीवर विश्वास ठेवणारी माणसेही तिथे आहेत. इथे उसातले बिबटे किती यावर दोन गावांचे एकमत होत नाही, आणि परवाना कोणाच्या हाती पडेल हे सांगायला नागपूरचा इतिहास पुरे आहे.

वनखात्याने अलीकडे इंदापूरजवळ कडबनवाडी आणि बारामतीजवळ शिर्सुफळ इथे गवताळ रानाची सफारी सुरू केली आहे. आधी नोंदणी करायची, शुल्क भरायचे, ठरलेल्या वाटेवरूनच गाडी न्यायची, बरोबर स्थानिक गाइड घ्यायचा. चिंकारा, लांडगा, खोकड दिसले तर दिसले. बंदूक वजा केली तर ही पूर्वीच्या शिकारीच्या सहलीचीच रचना आहे, आणि ती मला आवडते. गाइड म्हणून गावातली पोरे घेतली हेही चांगले. त्या यादीत फासेपारध्यांची पोरे मुद्दाम घ्यावीत असे माझे म्हणणे आहे, आणि ते दयेपोटी नाही. लांडग्याची जोडी वाऱ्याच्या कोणत्या अंगाने उतरेल, चिंकारा मान वर करून कशाकडे पाहतो आहे, हे त्यांच्या पालांतल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असते. ते त्यांच्याकडून शिकून घ्यायला आता थोडीच वर्षे हाताशी आहेत, आणि शिकवल्याचे पैसे त्या म्हाताऱ्यांना रोख द्यावेत.