व्याख्येच्या अलीकडचा अर्थ

बुरैदा हे सौदी अरेबियातल्या अल-कसीम प्रांताचं मुख्य शहर, खजुरांचा बाजार आणि हंबली धर्मशास्त्र या दोहोंसाठी नावाजलेलं. तिथल्या धर्मपंडितांना इब्न तैमिया (१२६३–१३२८) फार जवळचा. दमास्कसच्या या पंडिताने ग्रीक तर्कशास्त्राचं खंडन करायला ग्रंथ लिहिला आणि त्यात व्याख्येवरच घाव घातला. व्याख्येवाचून वस्तूची कल्पनाच येत नाही, असं तर्कशास्त्री म्हणत. त्याने विचारलं, मग व्याख्या करणाऱ्याला ती वस्तू कशी कळली? दुसऱ्या व्याख्येने म्हणाल तर साखळी संपत नाही. व्याख्येवाचून म्हणाल तर सिद्धांतच कोसळतो. व्याख्या फार तर एक वस्तू दुसरीपासून वेगळी काढते. ओळख आधी झालेली असावी लागते. इंग्रजी शब्द आणि त्यांच्या व्याख्या जोडीजोडीने घोकणारा विद्यार्थी, मग तो कसीम विद्यापीठातला असो की लातूरच्या शिकवणीतला, या प्रश्नाला बगल देतो. ‘अबेट’ म्हणजे कमी होणे, हे त्याला तोंडपाठ असतं. पण वादळ ‘अबेट’ होतं, वेदना होते, पगार मात्र होत नाही, हे त्या व्याख्येत कुठे आहे?

आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, शब्दार्थ कळण्याच्या आठ वाटा मोजल्या. कोश ही त्यांतली एक. मीमांसकांच्या उदाहरणातलं मूल ‘गाय आण’, ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ ही थोरांची वाक्यं आणि त्यांवर घडणारी कामं पाहत एकेक शब्द सुटा करतं. म्हणजे वाक्य आधी, शब्द नंतर. यावर कुणी म्हणेल, आपल्या पाठशाळांत अमरकोश घोकूनच पंडित झाले ना? झाले, पण त्याच मुलांपुढे रघुवंशही उघडलेला असे, आणि कोशात भेटलेला शब्द श्लोकात पुन्हा भेटे. आजच्या घोकणाऱ्याकडे रघुवंशाच्या जागी सराव-प्रश्नपत्रिका असते.

याहून जड आक्षेप असा, की ज्याच्या भोवती इंग्रजी बोललंच जात नाही, त्याने बोलण्याचा असा व्यवहार आणावा कुठून? त्याला कोशाखेरीज आधार कोणता? आक्षेप खरा आहे, पण कोश तरी कुठून आला? दहाव्या शतकातला अरबी कोशकार अल-अझहरी करामिता या बंडखोर पंथाच्या लोकांच्या हाती सापडला, वाळवंटातल्या बदूंमध्ये बंदिवान म्हणून राहिला आणि त्यांच्या बोलण्यातून त्याने शब्द टिपले. बुरैदाच्याच मुहम्मद अल-उबूदी यांनी आपल्या मुलखातल्या बोलीचे शब्द कोशात आणले, तेही माणसांच्या तोंडचेच. ज्याला माणसं मिळत नाहीत त्याने निदान पुस्तकं वाचावीत. कादंबऱ्या वाचत राहिलं तर तोच शब्द वेगवेगळ्या प्रसंगांत समोर येतो, आणि मग उघडलेला कोश खरोखर उपयोगी पडतो.

एका ठिकाणी मात्र इब्न तैमियाच्या बाजूने मला पुरतं उभं राहवत नाही. ‘एन्ट्रॉपी’सारख्या शास्त्रीय संज्ञेत किंवा कायद्याच्या कलमात व्याख्याच अर्थ घडवते, तिथे ती पाठ करण्याला पर्याय नाही. पण शब्दसंपत्तीच्या पुस्तकांतले बहुतेक शब्द या जातीचे नसतात. ते राग, काटकसर, खुशामत, कंटाळा यांविषयीचे असतात, आणि त्यांच्या मर्यादा कुठल्याही समितीने आखलेल्या नाहीत. त्या बोलणाऱ्यांच्या वापरातून पडल्या आहेत आणि अजून हलत आहेत.