श्रावणातला मासळीचा वास

2025च्या श्रावणातला पहिला सोमवार. डोंबिवली पूर्वेला टिळकनगरातल्या एका जुन्या चारमजली इमारतीत, ऐन उपास सोडायच्या वेळी, मासळीचा वास सुटला. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच मेसेज सुरू झाले. ‘आजच्या दिवशी तरी निदान…’, ‘भाडेकरू ठेवताना विचारायला हवं होतं.’ नाव कुणी घेतलं नाही, पण रोख दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडावर होता. तिथली सून ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली.

तिघीजणी तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. ओट्यावर वरणभात होता आणि अळूची भाजी.

“काकू, श्रावण आमच्याकडेही पाळतात,” ती म्हणाली. “आणि हा मासळीचा वास नाहीच. मासळी अशी घशाला खवखवत नाही. जरा जिन्यात उभ्या राहा. खालून येतोय.”

तिघींना ती सबब वाटली. अख्ख्या इमारतीत मासळी जिला सगळ्यांत जास्त कळत होती, तिलाच कुणी काही विचारलं नाही. जाब मात्र तिलाच विचारला.

एअर इंडियाच्या इंजिनिअरिंग विभागातून निवृत्त झालेले तिसऱ्या मजल्यावरचे काका तेवढ्यात जिना उतरत होते. डोंबिवली ते कुर्ला लोकल आणि पुढे कालिन्याची बस, यात त्यांची नोकरी सरली होती. ते थांबले, नाक वर करून वास घेतला.

“पोरगी बरोबर बोलतेय. प्लगचं, स्विचचं प्लॅस्टिक तापलं की पुष्कळदा असाच वास येतो.”

तळमजल्यावर मीटररूमच्या दाराला त्यांनी हाताची पालथी बाजू लावली. विमानात पॅनेलमागे आग आहे का, हे असंच बघतात. दार गरम होतं. काकांनी ते उघडलं नाही. दार उघडलं की आत हवा जाते.

“सगळ्यांना जिन्यानं खाली बोलवा, लिफ्ट कुणी वापरू नका. 101 ला फोन लावा, महावितरणला सांगून बाहेरून लाइट बंद करून घ्या.”

सेक्रेटरी गोंधळले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्यासमोर अडचणी खऱ्याच होत्या. “काका, आपला वायरमन अर्ध्या तासात येतोय. काय झालंय ते आधी कळू दे. चौथ्या मजल्यावरच्या आजींना कसं खाली आणायचं?”

“खुर्चीत बसवून. चार पोरं पाठवा. अर्धा तास आपल्याकडे आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

आजी खाली आल्या. वीज गेली. अंधारात आवारात उभं राहिल्यावर सेक्रेटरींनी विचारलं, “इतकी घाई खरंच हवी होती?” तेव्हा काकांनी सांगितलं.

2 सप्टेंबर 1998 ला न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं स्विसएअरचं विमान, फ्लाइट 111. उड्डाणानंतर पाऊण तास उलटून गेल्यावर कॉकपिटमध्ये वेगळाच वास आला. मागे केबिनमध्ये कुणाला काही जाणवत नव्हतं. एसीचा असेल, असं आधी वाटलं. पण छताआड आग धरली होती. बहुधा एका वायरवर ठिणगी उडाली आणि जवळच्या इन्सुलेशनच्या चकचकीत आवरणानं पेट घेतला. धुराचं मूळ शोधण्यासाठी वैमानिकांना जी यादी दिलेली होती, ती पुरी करायलाच वीस ते तीस मिनिटं लागायची. वास आल्यापासून साधारण एकविसाव्या मिनिटाला विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. 229 माणसं गेली.

“वैमानिकांना नावं ठेवू नका,” काका कळवळून म्हणाले. “विमान खाली आणायला सुरुवात केली तेव्हापासून तडक जवळचा हॅलिफॅक्स विमानतळ गाठायचं म्हटलं असतं, तरी वेळेत उतरता आलं नसतं, असा तपासाचा निष्कर्ष आहे. पण त्यातून जग शिकलं. ती आवरणं काढायला लावली. आता वास आला की उतरायची तयारी आधी आणि शोध नंतर. गेल्याच महिन्यात, 27 जूनला, मुंबईहून चेन्नईला निघालेलं एअर इंडियाचं विमान केबिनमध्ये जळका वास आला म्हणून परत मुंबईला आणलं. लोकांना उशीर झाला असेल. होऊ दे.”

अग्निशमन दलाच्या जवानांनी दार उघडलं. एका जाड केबलचं टोक सैल पडून तापलं होतं, त्यावरचं वेष्टन वितळून काळं पडलं होतं. आणि त्याच्या वर, हातभर अंतरावर, गेल्या वर्षीच्या गणपतीच्या मखराचे पुठ्ठे, पडदे आणि सोसायटीच्या जुन्या वह्या रचलेल्या होत्या. एका पुठ्ठ्याची कड करपायला लागली होती.

ते सामान त्याच रात्री बाहेर निघालं. तुमच्या मीटररूममध्ये असं काही असेल, तर गणपतीची वाट न बघता आजच बाहेर काढा.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर काकांचे आभार मानणाऱ्या मेसेजची रीघ लागली. काकांनी उलट एवढंच लिहिलं, की वास मासळीचा नाही आणि तो खालून येतोय, हे सगळ्यांत आधी दुसऱ्या मजल्यावरून सांगितलं गेलं होतं. त्यावर कुणी काही लिहिलं नाही. त्या सुनेची माफी मागणं सोसायटीकडून अजून बाकी आहे.