फळाची आशा सोडून खेळता येते का?

देवपूर म्हणजे पांझरेच्या उत्तर काठावरचे धुळे. याच शहराच्या तुरुंगात १९३२ साली, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी विनोबा भावे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत होते. राजकीय कैदी ऐकत होते आणि साने गुरुजी उतरवून घेत होते. अठरा रविवारांतून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले.

रविवार हा क्लब क्रिकेटचाही वार. मॅट अंथरली जाते, नेट बांधले जाते आणि दोन वेळा बीट झालेल्या पोराला कुणीतरी जुना खेळाडू बजावतो, ‘रनांचा विचार सोड, बॉल बघ.’ विनोबा गीतेतल्या ज्या फलत्यागावर बोलत होते, तोच हा उपदेश, फक्त मैदानी भाषेतला. पण त्यात एक अडचण आहे. क्रिकेट हा आधीच मोजदादीचा खेळ. धावा, बळी, सरासरी, गुणफलक. यातून फळ वगळले तर खेळायचे कशासाठी? आणि फळ सोडले की जास्त धावा होतात म्हणूनच ते सोडायचे असेल, तर तो त्याग म्हणायचा की हिशेब?

आधी व्यवहार पाहू. ताशी १२० किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आसपास फलंदाजापर्यंत येतो. तेवढ्यात टप्पा ओळखायचा, पाय हलवायचा, बॅट आणायची. ‘अर्धशतकाला चार हवेत’ हा विचार तिथे मावतच नाही. तो शिरला तर पाय जागच्या जागी राहतो.

हे साधायचे कसे, याची एक पायरीवार मांडणी विनोबांच्या चौथ्या आणि पाचव्या प्रवचनांत सापडते. हातून घडते ते कर्म. त्याला मनाची जोड देणे हे विकर्म. दोन्ही एकजीव झाली की कर्माचा भार वाटेनासा होतो, ते अकर्म. नेटमध्ये यांपैकी पहिलेच मुबलक असते. एकाच टप्प्यावरचे शंभर चेंडू टोलवून घाम गाळला की सराव झाल्यासारखे वाटते. पण अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलपटूंवर १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकाच प्रकारचे चेंडू सलग खेळणाऱ्यांपेक्षा मिसळलेले चेंडू खेळणाऱ्यांनी पुढच्या चाचणीत जास्त प्रगती दाखवली. मिसळलेल्या सरावात चुका जास्त होतात, बघणाऱ्याला तो बेंगरूळ दिसतो. म्हणजे नेटमध्येसुद्धा एक फळ सोडावे लागते: आज आपण छान दिसावे, हे.

गोलंदाजीत कर्मावरच लक्ष ठेवण्याचे उदाहरण नाशिकच्या मातीतले आहे. बापू नाडकर्णी सरावाला चांगल्या टप्प्यावर नाणे ठेवून त्यावर चेंडू टाकत. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ षटके निर्धाव टाकली. त्या डावातले त्यांचे आकडे ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा आणि बळी शून्य. कर्म इतके अचूक आणि बळींचा रकाना कोरा! देवपुरातल्या मध्यमगती गोलंदाजाला नाण्याऐवजी रुमाल पुरेल. सहा-सहा चेंडूंचे गट करून रुमालावर किती पडले तेवढे वहीत लिहावे. दांडी उडाली की नाही, हे नंतर.

सहाव्या प्रवचनात विनोबा एकाग्रतेबरोबर जीवनाच्या परिमिततेवर आणि समदृष्टीवर भर देतात, आणि त्यांच्या जोडीला अभ्यास व वैराग्य सांगतात. फलंदाजाचे वैराग्य कसे असते, हे जानेवारी २००४ मध्ये सिडनीला दिसले. त्या मालिकेत सचिन तेंडुलकरच्या आधीच्या पाच डावांत ०, १, ३७, ० आणि ४४ धावा होत्या. सिडनीत त्याने कव्हर ड्राइव्ह हा आपला देखणा फटका जवळजवळ बंदच ठेवला आणि ४३६ चेंडूंत नाबाद २४१ केल्या. क्लबच्या खेळाडूलाही हे जमण्यासारखे आहे. आपण कोणत्या फटक्यावर सर्वाधिक वेळा बाद होतो ते शोधावे आणि पहिले वीस चेंडू तो फटका मारू नये.

इथे एक गल्लत टाळली पाहिजे. फळाची आशा सोडणे म्हणजे गुणफलकाकडे पाठ फिरवणे नव्हे. षटकाला आठ धावा हव्या असताना बॅट आडवी न घालणारा फलंदाज अनासक्त नसतो, बेफिकीर असतो. हिशेब दोन षटकांच्या मधे करावा, चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटल्यावर करू नये. शिवाय फळ कधीकधी कुणा तिसऱ्याच्याच हातात असते. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या ४५२ धावांच्या विक्रमाला नऊ कमी. तेवढ्यात प्रतिस्पर्धी संघाने सामनाच सोडला. निंबाळकरांना अधिकृत कसोटी कधीच खेळायला मिळाली नाही.

मग त्याग की हिशेब? नेटमध्ये याचे उत्तर मिळत नाही, कारण तिथे दोन्ही सारखेच दिसतात. उत्तर मिळते ते पंचगिरीत. क्लबच्या अनेक सामन्यांत तटस्थ पंच नसतात. फलंदाजी करणाऱ्या संघातलाच एखादा गडी पांढरी टोपी घालून उभा राहतो. आपला कप्तान पायचीत आहे हे त्याला स्वच्छ दिसते. अशा वेळी बोट वर जात नसेल, तर ‘रनांचा विचार सोड’ हा उपदेश त्याने धावा वाढवायची युक्ती म्हणून वापरला, एवढेच सिद्ध होते. विनोबांच्या समदृष्टीची ही सर्वांत अवघड परीक्षा, आणि ती बॅट हातात नसताना द्यावी लागते.

बॅटिंग, बोलिंग, फिल्डिंगचा सराव सगळेच क्लब घेतात. देवपुरातल्या क्लबांनी रविवारच्या सरावात दहा षटके पंचगिरीचीही धरावीत: प्रत्येक पोराने आळीपाळीने स्टंपमागे उभे राहावे आणि आपल्याच मित्राविरुद्ध निर्णय द्यावा.