शेवटच्या मजुराचा रोज

नाशिक जिल्ह्यातल्या ओझर-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणी सुरू झाली, की पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या उतरतात. छाटणी, डिपिंग, विरळणी ही कामं एकराच्या भावानं उक्ती दिली जातात. टोळ्या जास्त आल्या की भाव पडतो. टोळीतल्या घरांची खाणारी तोंडं मात्र तेवढीच असतात. बाजार या भावाला रास्त म्हणतो, कारण दोन्ही बाजूंनी तो कबूल केलेला असतो.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला येशूचा दाखला द्राक्षमळ्यातलाच आहे. मालक पहाटे एक दिनार ठरवून मजूर लावतो आणि पुढे दिवसभर चौकात रिकामे उभे असलेल्यांना कामावर नेत राहतो. शेवटच्यांना तर दिवस मावळायला तासभर उरलेला असताना. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर एकेक दिनार पडतो. पहाटे आलेले कुरकुरतात. हा दाखला मुळात देवाच्या कृपेचा, हे खरंच. पण कृपा सांगायला येशूनं मजुरीच निवडली. दिनार म्हणजे एका दिवसाचा रोज, आणि तो न मिळाल्यास घरी काय होतं हे ऐकणाऱ्यांना सांगावं लागत नव्हतं. इंग्रज लेखक जॉन रस्किननं 1860 मध्ये आपल्या अर्थविषयक लेखनाला नाव दिलं ते याच दाखल्यावरून. 1904 मध्ये जोहान्सबर्ग-डर्बन प्रवासात गांधीजींनी ते लेखन वाचलं आणि पुढे त्यातून ‘सर्वोदय’ लिहिलं.

तासाभराच्या कामाला दिवसाचा रोज मिळू लागला, तर पहाटे येणार कोण? हा आक्षेप खोटा नाही. पण पहाटेच्या मजुराचा ठरलेला रोज मालकानं कापलेला नाही. कष्ट आणि कसब यांना जास्त मोल जरूर मिळावं. मात्र पोट भरेल त्याच्या खाली कुणाचाही रोज जाऊ नये. पोप लिओ तेरावे यांनी 1891 च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रात खासगी मालमत्तेची बाजू घेतली, आणि त्याच परिपत्रात बजावलं, की करार राजीखुशीनं झाला तरी मजुरी मजुराला जगवण्याइतकी असलीच पाहिजे. गरजेपोटी दिलेल्या होकाराला न्याय म्हणता येत नाही. ख्रिस्ती विचाराचा गाभा मला इथं दिसतो.

हे मालकाच्या चांगुलपणावर सोडून भागणार नाही. गारपीट, बँकेचं कर्ज आणि व्यापाऱ्याचा भाव यांत बागाईतदारही पिचतो. बायबलच्या जुन्या करारातही या गोष्टी दानधर्म म्हणून येत नाहीत, आज्ञा म्हणून येतात: मळ्यात गळून पडलेली द्राक्षं गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवा, मजुराचा रोज सूर्य मावळण्याआधी द्या.

शेवटच्या माणसासाठी नियम करता येतो, हे ओझरनं दाखवलं आहे. वाघाड कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतांना, पाणी पोहोचत नव्हतं. बापू उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्र यांच्या पुढाकारानं 1990 च्या सुमारास शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था उभ्या केल्या, मोजून पाणी घेतलं, पाळ्या ठरवल्या. टेलचं शेत भिजलं. पण पाण्याचा तो हक्क जमिनीशी बांधलेला आहे, आणि टोळीतल्या मजुराची इथं जमीन नाही. पाण्याच्या पाळ्या ठरवणाऱ्या गावांना छाटणीआधी बागाईतदार आणि टोळ्या एकत्र बसवून उक्त्याचा किमान भाव ठरवणं अशक्य नाही. किमान वेतन आणि गावाहून येण्याजाण्याचा खर्च धरून तो ठरावा, आणि टोळ्या कितीही आल्या तरी त्याखाली जाऊ नये.