घर कोणाचं?



आज गीतेचा पाचवा अध्याय, श्लोक १३. देहाला इथे नऊ दारांचं नगर म्हटलंय. ज्याने मनाने कर्मं सोडली, इंद्रियं ताब्यात ठेवली, तो या नगरात सुखाने राहतो. मी 'राहतो' या शब्दावर थांबले. त्याचा 'मालक असतो' असं नाही म्हटलेलं.

आर्किटेक्चर शिकताना अभ्यासलेलं एक घर आठवलं. अमेरिकेत इलिनॉयमध्ये, फॉक्स नदीकाठचं फार्न्सवर्थ हाऊस. मीस व्हान डर रोहे यांनी शिकागोच्या डॉक्टर एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी डिझाइन केलेलं वीकेंड होम, १९५१ मध्ये पूर्ण झालं. पांढरं स्टील, चारी बाजूंनी काच. पुराच्या भीतीने फरशी जमिनीपासून सुमारे ५ फूट उचललेली. आजच्या कितीतरी लक्झरी व्हिलांच्या ब्रोशरमध्ये मला तेच घर दिसतं.

पण खर्च वाढत गेला आणि पैशांवरून दोघं कोर्टात गेली. त्या काचेच्या घरात बाईंना सतत कुणीतरी बघतंय असं वाटायचं. १९५४ मध्ये नदी थेट आत शिरली. पाणी काही घर कोणाचं हे विचारून येत नाही! १९७२ मध्ये त्यांनी ते विकलं. आज ते म्युझियम आहे. लोक बघायला येतात, राहत कुणीच नाही.

आणि हे मी कोणत्या तोंडाने सांगतेय? बाबांच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेवरून मी आणि दादा सात महिने बोललेलो नाही. वकिलाची नोटीस तयार आहे, फक्त माझी सही बाकी आहे.

मग हक्क सोडायचा का? गीता तसं म्हणत नाही. ज्याला हे सांगितलं, त्या अर्जुनाला शेवटी लढायचंच होतं. सोडायचंय ते मनाने. हिस्सा मागणं चूक नाही, असं मला अजूनही वाटतं. पण या सात महिन्यांत मी माझ्या स्वतःच्या घरातही धड राहिले नाहीये. चहा पिताना, जपाला बसल्यावरसुद्धा डोळे, कान, जीभ, सगळं त्या फ्लॅटकडे. दारं नऊ, पण ताब्यात एकही नाही.

नोटीस टेबलावरच आहे. सही करण्याआधी आज दादाला फोन करणार आहे. हिश्श्याचं बोलेनच, पण आधी त्याचा गुडघा कसा आहे ते विचारेन.

तुमचं कुठलं दार उघडं राहिलंय? झोपण्याआधी एकदा बघा.